टचिंग

हिलाल आप्पांच्या स्टुडिओत बसून
मी कितीतरी पोरी गोऱ्या केल्या.
पारोळा, धरणगाव, चोपडा, कुठून कुठून
स्थळाचे फोटो यायचे अमळनेरला,
पाकिटामागे पेन्सिलीने : थोडं टचिंग.
थोडं म्हणजे किती
ते आया डोळ्यांनी सांगायच्या.

आधी बारीक ब्रशने, पुढे माऊसने.
कपाळ, गाल, गळा.
हात विसरू नको, आप्पा ओरडायचे,
नवरदेवाकडचे आधी मनगट बघतात.

माझा फोटोही मीच केला,
रात्री, डोळ्याला भिंग लावून.
तीन हात दिले. चौथ्याला थांबले,
कारण ती माझी मावसबहीण दिसायला लागली.

नाव उज्ज्वला.
बारशाला आत्या पाळण्यात डोकावून म्हणाली होती,
कायी शे, पन नाकेडोये बरी शे.
त्या 'पन'मध्ये मी पस्तीस वर्षं राहिले,
भाडं भरून.

नवरा धुळ्याचा. फोटो त्याच्या खिशात होता.
पहिल्या रात्री त्याने ट्यूब बंद केली,
मग खिडकी लावली,
मग दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.
मे महिना. पंचेचाळीस.
घामाने आम्ही एकमेकांवरून घसरत होतो
आणि त्या काळोखात तो कोणाबरोबर होता
मला नक्की माहीत होतं : तिला मीच बनवलं होतं.
त्याला नावं ठेवत नाही.
चार वर्षं तो फोटोशी इमानाने वागला.
मग मी परत आले. मूल नाही. एक कुलर माझ्या नावावर.

इच्छा नव्हती असं कोणी समजू नये.
भुकेला शब्द आहे, तहानेला आहे,
याला घरात सगळे 'तसलं' म्हणायचे.
तर मला तसलं हवं होतं,
भाकरी थापतानासुद्धा.

एका दुपारी आप्पा जेवायला गेलेले,
बाजारपेठ उन्हात मेल्यासारखी,
मी डार्करूममध्ये ब्लाउजचे हूक काढले.
पण लाल दिव्यात सगळीच बरी दिसतात,
तो उजेड धरायचा नसतो.
म्हणून मागचं दार उघडलं, परसातलं,
आणि फरशीवर आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात
तशीच उभी राहिले.
पोटावर परकराच्या नाडीचा जुना वळ.
छाती एकीकडे थोडी उतरलेली.
मांड्यांच्या आत रंग आणखी गडद,
तिथे कोणाचाच ब्रश पोचला नव्हता.
मी हात नेला.
बाहेर कोणाची तरी कोंबडी दाणे टिपत होती.
थोडं म्हणजे किती
ते मला कोणी सांगायला नव्हतं.

पुढे विश्राम आला, चोपड्याचा, केळीचा व्यापारी,
त्याच्या बाह्यांवर चिकाचे काळे डाग.
हा डाग जात नाही, म्हणाला, शर्ट जातो.
तो दिवा लावूनच ठेवायचा आणि बघत राहायचा.
कोणी इतकं बघितलं की आधी राग येतो.
काय शोधतोस? मी विचारलं.
शोधत नाय, बसलोय, तो म्हणाला.
दोन वर्षं गुरुवारी यायचा. मग येईना झाला.
रडले. पण
दिवा मी अजून बंद करत नाही.

आप्पा गेले. शटर माझ्याकडे आहे.
आता मोबाईलच गोरं करतो, न विचारता,
माझ्याकडे राहिले फॉर्मचे फोटो, आणि काही हट्टी आया.
परवा एक आली, मागे मुलगी,
माझ्याइतकी, बहुतेक माझ्याहून दोन हात गडद,
नखांना पिवळी नेलपॉलिश.
आई म्हणाली, थोडं टचिंग.
मुलगी माझ्या मनगटांकडे बघत होती.

दोन प्रिंट काढल्या.
आईला हवी होती ती आईला दिली.
दुसरी वेगळ्या पाकिटात घातली,
मागे काही लिहिलं नाही,
पैसेही लावले नाहीत.
फाडली की ठेवली, माहीत नाही.
रिक्षात बसताना ती पाकीट उघडत होती,
तेवढ्यात आईने पदर आडवा धरला,
ऊन लागेल म्हणून.